झाकली मूठ आणि कमरेचे उघडे पिस्तूल

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी मंडळींमध्ये एक मजकूर गेली काही वर्षे हातोहात फिरत आहे. त्याचा आशय थोडक्यात असा आहे: ‘स्वसंरक्षणासाठी पिस्तूल बाळगायचेच असेल, तर ते कमरेला सर्वांना दिसेल असे बाळगावे. राज्यघटनेच्या दुसऱ्या दुरुस्तीने तो हक्क देशभर दिलेला आहे आणि अमेरिकेची जुनी परंपराही तीच आहे. उघडे पिस्तूल पाहून गुन्हेगार दुरूनच वाट बदलतो. प्रसंग आलाच तर ते कपड्याखालच्या पिस्तुलापेक्षा लवकर हाती येते. ज्याच्या मनात पाप नाही, त्याने लपवायचे कशाला? भारतातसुद्धा परवाना असला की असेच बाळगता येते.’

पिस्तूल मुळात बाळगावे की नाही, हा वाद येथे घालायचा नाही. ज्याने बाळगायचे ठरवले आहे, त्याने उघडे बाळगावे की झाकून, एवढ्यापुरताच हा मजकूर आहे आणि तेवढ्यापुरतेच त्याला उत्तर द्यायचे आहे. त्यात उघड्या पिस्तुलाच्या नावावर जमा केलेला बहुतेक पुरावा प्रत्यक्षात झाकलेल्या पिस्तुलाचा आहे, हा माझा मुख्य आक्षेप आहे.

आधी हक्काचे पाहू. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 2008 साली हेलर खटल्यात शस्त्र बाळगणे हा व्यक्तीचा हक्क असल्याचे मान्य केले आणि 2022 साली ब्रूएन खटल्यात तो हक्क घराबाहेरही लागू होतो असा निर्णय दिला. मात्र पिस्तूल उघडेच नेण्याचा हक्क प्रत्येक राज्याने दिला पाहिजे, असे त्यांपैकी कोणत्याही निकालात म्हटलेले नाही. ब्रूएन निकालातील ऐतिहासिक विवेचनाचा रोख असा आहे की, शस्त्र नेण्याचा एक मार्ग मोकळा ठेवून राज्यांनी दुसरा बंद केल्याची उदाहरणे जुनी आहेत. प्रत्यक्षातही इलिनॉय राज्यात परवानाधारकाला पिस्तूल झाकूनच न्यावे लागते, तर न्यू जर्सीने 2022 च्या डिसेंबरमध्ये तसाच कायदा केला. फ्लोरिडात 1987 पासून उघड्या पिस्तुलाला बंदी होती, ती 2025 च्या सप्टेंबरमध्ये तेथील अपील न्यायालयाने घटनाबाह्य ठरवली. ज्या विषयावर राज्याची सीमा ओलांडताच कायदा बदलतो आणि त्याच राज्यात अडतीस वर्षांनी उलटतो, त्याविषयी ‘देशभर’ हा शब्द वापरणे बेजबाबदारपणाचे आहे.

परंपरेच्या दाव्यात अर्धे सत्य आहे आणि ते मान्य केले पाहिजे. एकोणिसाव्या शतकात दक्षिणेकडील राज्यांत शस्त्र झाकून नेणे हे मारेकऱ्याचे लक्षण मानले जाई. केंटकी आणि लुइझियाना या राज्यांनी 1813 सालीच झाकलेल्या शस्त्रांवर बंदी घातली होती. जॉर्जियाच्या न्यायालयाने 1846 साली झाकलेल्या शस्त्रांवरची बंदी कायम ठेवून उघड्या शस्त्रांवरची रद्द केली, तर लुइझियानाच्या न्यायालयाने 1850 साली उघड्या शस्त्राने मर्दानी बचाव होतो आणि झाकलेल्याने दगाफटका होतो, अशा अर्थाचे विवेचन केले. फिरणाऱ्या मजकुरातली ‘मनात पाप नाही’ ही भाषा थेट त्या काळातून आलेली आहे. मात्र परंपरेची दुसरी बाजू त्यात गाळलेली आहे. अॅरिझोनातल्या टूमस्टोन गावात 1881 साली झालेली ओ. के. कोरलची प्रसिद्ध चकमक ज्या कारणांनी पेटली, त्यांपैकी एक कारण गावात शस्त्र घेऊन फिरण्यास मनाई करणारा स्थानिक नियम हे होते. ज्या टेक्सासचे नाव घेताच कमरेला पिस्तूल लावलेला काउबॉय डोळ्यांसमोर येतो, त्या टेक्सासने 1871 साली पिस्तूल घेऊन फिरण्यावर सरसकट निर्बंध आणले. तेथे परवाना घेऊन झाकलेले पिस्तूल नेण्याची मुभा 1996 पासून मिळाली, आणि परवानाधारकाला ते उघडे लावण्याची मुभा मिळायला 1 जानेवारी 2016 हा दिवस उजाडावा लागला. म्हणजे सुमारे एकशे पंचेचाळीस वर्षे टेक्सासमधला सामान्य नागरिक कायद्याने काउबॉयसारखा फिरू शकत नव्हता.

कॅलिफोर्नियाचा इतिहास त्याहून बोलका आहे. ब्लॅक पँथर या कृष्णवर्णीयांच्या संघटनेचे सदस्य भरलेल्या बंदुका उघड्या घेऊन पोलिसांवर नजर ठेवू लागले आणि 2 मे 1967 रोजी सॅक्रामेंटोच्या विधानभवनात शस्त्रांसह गेले. त्याच वर्षी भरलेले शस्त्र सार्वजनिक ठिकाणी नेण्यास बंदी घालणारा मलफर्ड कायदा झाला आणि त्यावर गव्हर्नर रोनाल्ड रेगन यांनी सही केली. उघडे शस्त्र कोणाच्या हातात दिसते, यावर समाजाची आणि शासनाची प्रतिक्रिया ठरते, हे आपल्यासारख्या गव्हाळ वर्णाच्या लोकांनी तरी विसरू नये.

आता धाकाचा मुद्दा, जो या मजकुराचा कणा आहे. ‘गुन्हेगारांनीच कबूल केले आहे’ असे म्हणून त्यात तुरुंगातल्या कैद्यांच्या एका पाहणीचा दाखला दिलेला असतो. अशी पाहणी खरोखर झाली होती. जेम्स राइट आणि पीटर रॉसी या समाजशास्त्रज्ञांनी 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला 10 राज्यांतील सुमारे 1,900 कैद्यांना प्रश्न विचारले होते. समोरचा माणूस सशस्त्र असल्याचे ठाऊक असल्याने किंवा तशी शंका आल्याने आपण कधी तरी गुन्हा सोडून दिला, असे दर पाचांपैकी जवळजवळ दोघांनी सांगितले. हा पुरावा हलका नाही आणि तो हसण्यावारी नेऊ नये. मात्र त्या प्रश्नातला ‘शंका आल्याने’ हा भाग नीट वाचला पाहिजे. पिस्तूल दिसले म्हणून किती जण थांबले आणि नुसत्या संशयाने किती, हे त्या आकड्यातून वेगळे काढता येत नाही. शिवाय एका माणसाला सोडून दिलेला लुटारू त्या रात्री घरी जाऊन झोपला की पुढच्या गल्लीतल्या निःशस्त्र माणसाकडे वळला, हेही त्यातून कळत नाही.

याच ठिकाणी आकड्यांची अदलाबदल होते. ‘शस्त्र बाळगणारे वाढले की गुन्हे घटतात’ हे विधान जॉन लॉट आणि डेव्हिड मस्टर्ड यांच्या 1997 सालच्या अभ्यासातून आलेले आहे, आणि तो अभ्यास झाकलेल्या पिस्तुलांचे परवाने सुलभ करणाऱ्या कायद्यांविषयी होता. त्यामागचा तर्क असा होता की, कोणाच्या सदऱ्याखाली पिस्तूल आहे हे गुन्हेगाराला ओळखता येत नाही, म्हणून त्याला प्रत्येकाचेच भय वाटते आणि निःशस्त्र माणसालाही त्या संशयाचे संरक्षण मिळते. आपल्याकडे झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, ती नेमकी हीच गोष्ट. पिस्तूल उघड्यावर आणताच हा तर्क कोलमडतो, कारण मग ज्याच्या कमरेला ते दिसत नाही तो निःशस्त्र आहे, हे गुन्हेगाराला आयतेच कळते. लॉट यांचे निष्कर्षही पुढे वादग्रस्त ठरले. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या समितीने 2004 साली उपलब्ध पुराव्यावरून या कायद्यांचा कोणताच परिणाम निश्चित सांगता येत नाही असे नमूद केले, आणि जॉन डोनोह्यू व सहकाऱ्यांच्या 2019 सालच्या अभ्यासाने असे कायदे झालेल्या राज्यांत दहा वर्षांनंतर हिंसक गुन्हे अपेक्षेपेक्षा 13 ते 15 टक्के अधिक असल्याचा अंदाज मांडला. कोणता निष्कर्ष बरोबर हे ज्याने त्याने ठरवावे, पण दोन्ही बाजूंचे हे आकडे झाकलेल्या पिस्तुलांच्या कायद्यांचे आहेत आणि उघड्या पिस्तुलाच्या समर्थनार्थ ते उसने घेता येत नाहीत.

दिसणारे पिस्तूल धाक घालते तसेच ते हावही निर्माण करते. ओरेगन राज्यातील ग्रेशम शहरात 2014 च्या ऑक्टोबरमध्ये एका तरुणाने नुकतेच विकत घेतलेले पिस्तूल उघडे लावले होते. रस्त्यात भेटलेल्या माणसाने स्वतःचे पिस्तूल रोखून ‘तुझे पिस्तूल मला आवडले, दे इकडे’ अशा शब्दांत ते काढून घेतले. एका घटनेवरून सिद्धांत मांडता येत नाही, हे मान्य आहे. परंतु पोलिसांच्या कमरेचे पिस्तूल नेहमी उघडे असूनही त्याचे होल्स्टर, म्हणजे कमरेला लावायचे म्यान, दोन-तीन खटके वेगवेगळ्या दिशांनी हलवल्याशिवाय सुटू नये असे का बनवलेले असते, याचा विचार करावा. स्वतःच्याच शस्त्राने मारल्या गेलेल्या पोलिसांची नोंद अमेरिकेची केंद्रीय तपास यंत्रणा वेगळी ठेवत आली आहे. पोलिसाला हिसकाहिसकीत शस्त्र राखण्याचे प्रशिक्षण असते, त्याच्याजवळ वायरलेस असतो आणि मागे कुमक असते. बाजारातून स्वस्त होल्स्टर आणून ते पट्ट्यात अडकवलेल्या आणि दोन हातांत दुधाचे कॅन धरून रांगेत उभ्या असलेल्या गृहस्थाजवळ यांपैकी काहीही नसते.

‘उघडे पिस्तूल लवकर हाती येते’ हे विधान तेवढ्यापुरते खरे आहे. कपडा बाजूला सारायला क्षणाचा काही अंश लागतोच. या संदर्भात सॉल्ट लेक सिटीचे पोलीस अधिकारी डेनिस टूलर यांनी 1983 साली मांडलेला हिशेब सांगितला जातो: चाकू घेतलेला माणूस 21 फुटांचे अंतर सुमारे दीड सेकंदात कापतो आणि सराव असलेल्या पोलिसाला पिस्तूल काढून नेम धरायला जवळपास तेवढाच वेळ लागतो. मात्र या हिशेबात हल्लेखोर आपल्याला दिसतो आहे आणि पिस्तूल आपल्याजवळ आहे हे त्याने ध्यानात घेतलेले नाही, असे गृहीत धरलेले असते. ज्याला आपले शस्त्र आधीच दिसले आहे, तो समोरून पळत येईलच असे नाही. तो मागून येईल, किंवा दुकान लुटताना पहिली गोळी आपल्यालाच घालील. शस्त्र केव्हा प्रकट करायचे हा निर्णय झाकलेल्या पिस्तुलाच्या मालकाकडे उरतो, आणि त्या निर्णयात शस्त्र मुळीच न काढता खिशातले पाकीट देऊन मोकळे होण्याचा पर्यायही येतो. हे मोल अर्ध्या सेकंदाहून मोठे आहे, असे माझे मत आहे.

‘लपवायचे कशाला’ या प्रश्नाचे उत्तर पिस्तूल बाळगणाऱ्याच्या मनात शोधून मिळणार नाही, कारण ते इतरांच्या नजरेत आहे. टेक्सासमध्ये दुकानांच्या दारांवर दोन वेगळ्या पाट्या दिसतात. त्यांना कायद्याच्या कलमांवरून ‘थर्टी-ओ-सिक्स’ आणि ‘थर्टी-ओ-सेव्हन’ म्हणतात. पहिली परवानाधारकाच्या झाकलेल्या पिस्तुलाला मज्जाव करते आणि दुसरी उघड्या पिस्तुलाला, आणि अनेक दारांवर फक्त दुसरीच आढळते. वॉलमार्टच्या एल पासो येथील दुकानात ऑगस्ट 2019 मध्ये झालेल्या हत्याकांडानंतर त्या कंपनीने ग्राहकांना शस्त्रे उघडी आणू नयेत अशी विनंती केली, परंतु परवाना असलेल्यांच्या झाकलेल्या पिस्तुलाबाबतचे धोरण बदलले नाही. दुकानदार कोणाच्या हेतूवर शंका घेत नाही. अनोळखी माणसाचे शस्त्र पाहून गिऱ्हाईक घाबरते, कोणी तरी 911 या आपत्कालीन क्रमांकाला फोन करते आणि आलेल्या पोलिसाला कोण सज्जन हे कपाळावर लिहिलेले दिसत नाही, एवढेच त्याला ठाऊक असते.

गोंधळात काय होते याचे उदाहरण डॅलसमध्ये 7 जुलै 2016 रोजी दिसले. तेथे त्या दिवशी निघालेल्या एका निषेध मोर्चात 20 ते 30 जण रायफली उघड्या घेऊन कायदेशीरपणे चालत होते. गोळीबार सुरू होऊन पाच पोलीस ठार झाले, तेव्हा या लोकांमुळे हल्लेखोर ओळखणे कठीण झाल्याचे पोलीसप्रमुख डेव्हिड ब्राउन यांनी नंतर सांगितले. रायफल घेतलेल्या एका निरपराध माणसाचे छायाचित्र पोलिसांनी संशयित म्हणून प्रसृतही केले होते. तो मोर्चा पोलिसांच्या गोळ्यांनी झालेल्या ज्या मृत्यूंच्या निषेधार्थ होता, त्यांतला एक आदल्याच दिवशी मिनेसोटात झाला होता: फिलांडो कॅस्टिल यांच्याकडे परवाना होता, पिस्तूल झाकलेले होते, ते जवळ असल्याचे त्यांनी पोलिसाला आपण होऊन सांगितले आणि तरीही त्यांना गोळ्या घातल्या गेल्या. झाकलेले पिस्तूल म्हणजे अभयदान, असा माझा दावा नाही. ते रस्त्यावरच्या शंभर नजरा टाळते, पण पोलिसाने गाडी थांबवल्यावरचा तो एक क्षण त्याला टाळता येत नाही.

हा मजकूर ज्यांच्यात फिरतो त्यांच्यासाठी सर्वांत महत्त्वाची गोष्ट त्यात नाही. एच-वन-बी किंवा विद्यार्थी व्हिसा हे नॉन-इमिग्रंट, म्हणजे कायम वास्तव्याचा हक्क न देणारे व्हिसा आहेत आणि अशा व्हिसावर राहणाऱ्याला संघराज्याच्या कायद्याने बंदूक किंवा काडतूस जवळ ठेवण्यासही बंदी आहे. वैध शिकार परवान्यासारखे मोजके अपवाद आहेत, पण ते समजून घेण्यासाठी वकिलाकडे जावे. या गुन्ह्याची कमाल शिक्षा 2022 पासून 15 वर्षे आहे. ग्रीन कार्ड मिळेपर्यंत उघडे की झाकलेले हा प्रश्न अशा वाचकापुढे सहसा उभाच राहत नाही.

राहिला भारताचा दाखला, जो सरळसरळ चुकीचा आहे. शस्त्र नियम 2016 मधील 32 व्या नियमानुसार सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल नेताना ते अंगावरील होल्स्टरमध्ये किंवा तशा पिशवीत असावे लागते, पूर्णपणे झाकलेले असावे लागते आणि ते नेणाऱ्याच्या ताब्यात असावे लागते. शस्त्र परजणेही त्याच नियमाने निषिद्ध आहे आणि लग्नात किंवा मिरवणुकीत हौसेने केलेल्या गोळीबाराला 2019 च्या दुरुस्तीपासून दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. डिसेंबर 2024 नंतर बीड जिल्ह्यातल्या पिस्तूलधाऱ्यांची छायाचित्रे आणि चित्रफिती राज्यभर पसरल्या, हवेत गोळीबार केल्याबद्दल गुन्हे नोंदले गेले, जिल्ह्यातल्या परवान्यांची फेरतपासणी झाली आणि अनेक परवाने रद्द झाले.