अपघात की आपघात?

लीगल ट्रान्सलेटर्सच्या, म्हणजे कायद्याचे कागद भाषांतर करणाऱ्यांच्या, ऑनलाइन कोर्सवरचा लेख वाचला. असे कोर्स निघतायत हे चांगलंच, पण सगळा भर इंग्रजीतून मराठी नाहीतर हिंदी यावरच दिसतो, आम्हा बडोदेकरांना मराठी-गुजराती लागतं ते कोण शिकवणार? गेली बारा वर्षं हेच काम करतोय. सुरुवातीला जळगावकडचा एक पंचनामा आला होता, एका बाईंच्या विम्याच्या क्लेमसाठी, त्यातल्या 'अपघात'चं मी गुजरातीत सरळ 'आपघात' केलं. आता गुजरातीत आपघात म्हणजे आत्महत्या! आपला अपघात तिकडे 'अकस्मात' होतो. वकीलसाहेबांनी वेळेत पकडलं म्हणून, नाहीतर त्या बाईंचा क्लेम अडकलाच असता, आजही आठवलं की घाम फुटतो.

असले शब्द कोर्सात घ्या की. आणि नवे कायदे पण, १ जुलै २०२४ पासून जुन्या भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, खुनाचं कलम ३०२ आता १०३ झालं, पण जुन्या केसेसचे कागद जुन्याच कलमांनी येतात, तिथं नवा माणूस गोंधळतोच.

गंमत म्हणजे याच बडोद्यात सयाजीरावांच्या राज्यात १९३१ साली 'सयाजीशासनशब्दकल्पतरू' निघाला होता, कारभाराच्या शब्दांचा कोश, आठ भाषांत, मराठी-गुजराती शेजारी शेजारी. तेव्हा जमलं राव! आणि जुन्या मोडी कागदांचं तर बोलायलाच नको, जमिनीच्या वादात अजून निघतात, वाचणारा शोधता शोधता तारीख पडते. वीकेंडला मोडीची बॅच काढणार असेल कुणी तर मी पहिला नाव देतो, फी पण भरतो.