श्वास घ्या, भुंकू नका

आमच्या गुंड्याला, म्हणजे 11 वर्षांच्या पोमेरेनियन कुत्र्याला, खोकला झाला की घरात प्रत्येकाकडे त्याचं कारण तयार असतं. आईच्या मते एसी. बायकोच्या मते खालच्या मजल्यावरची अगरबत्ती. मुलाने मोबाइलवर शोधलेलं कारण लॅटिनमध्ये होतं, त्यामुळे कोणालाच खोडता आलं नाही. आईने तोवर ज्येष्ठमध उगाळायला घेतला होता. गुंड्याने तो हुंगला, आईकडे पाहिलं आणि मुद्दाम खोकला.

डॉक्टर मॅडमनी स्टेथोस्कोप लावला, पण ऐकू आली ती नुसती गुरगुर. तोंड हाताने मिटून धरल्यावर कुठे हृदयाचा आवाज आला.

"मर्मर आहे, म्हणजे ठोक्यांमध्ये सळसळ. ग्रेड तीन, सहापैकी."

"म्हणजे पन्नास टक्के," बायको म्हणाली. पास झाल्याचा आनंद तिच्या चेहऱ्यावर उमटायच्या आत मॅडमनी सांगितलं की इथे मार्क जितके कमी तितके बरे.

खरी पंचाईत पुढे होती. छोट्या जातीच्या म्हाताऱ्या कुत्र्यांत हृदयाची डावीकडची झडप जाड होऊन गळायला लागते. रक्त मागे येतं, डावा कप्पा फुगतो आणि वरच्या श्वासनलिकेला रेटा देतो. की खोकला. पण पोमेरेनियनची श्वासनलिका हृदयाच्या मदतीशिवायसुद्धा चपटी होते. की पुन्हा खोकलाच. दोन्ही आजार याच जातीचे, याच वयाचे, आणि आमच्या नशिबी दोन्ही एकदम असण्याचीही शक्यता. म्हणून छातीचा एक्स-रे.

माणसाचा एक्स-रे सोपा असतो. "श्वास घ्या, धरून ठेवा, सोडा" एवढ्यात काम होतं. कुत्र्याचाही फोटो पूर्ण श्वास आत असतानाच काढावा लागतो. श्वास सोडलेला असेल तर फुफ्फुसं आक्रसतात आणि तेच हृदय फोटोत थोराड दिसतं. आता गुंड्या छाती भरून श्वास घेतो तो एकाच कारणासाठी, भुंकण्यासाठी. म्हणजे श्वास पूर्ण झाला आणि भुंकणं अजून बाहेर पडलेलं नाही, या फटीत बटण दाबायचं.

मला शिशाचा एप्रन आणि शिशाचे हातमोजे चढवण्यात आले. ते घालून मुठीत मावणारा पाय धरायचा म्हणजे मोगरी घेऊन सुईत दोरा ओवण्यासारखं होतं. उजव्या कुशीवर झोपवायचं. पुढचे पाय चांगले पुढे ताणायचे, नाहीतर खांद्याचं मांस छातीवर येतं. छाती तिरकी नको, मान वाकडी नको. टेक्निशियन मुलगा फार मायाळू होता. "शाब्बास, अगदी शांत राहायचं," असं तो म्हणत राहिला. हे मला उद्देशून होतं हे जरा उशिरा कळलं.

पहिल्या फोटोत शेपूट आली. ती तिथवर कशी पोचली याचा खुलासा कोणालाच करता आला नाही. दुसऱ्या फोटोत पांढरंशुभ्र काहीतरी दिसल्यावर बायकोने तोंडावर हात घेतला. "काका, हा तुमचा हातमोजा," मुलगा म्हणाला. शेवटी बाहेरच्या खोलीत एक मांजर ओरडलं, गुंड्याने आयुष्यभराच्या वैराचा श्वास छातीत भरला आणि बटण दाबलं गेलं.

पुढचा भाग मात्र मला मनापासून आवडला. हृदय मोठं आहे हे ठरवायचं कशाच्या तुलनेत? ग्रेट डेनचं हृदय आणि चिवावाचं हृदय एकाच पट्टीने कसं मोजणार? पूर्वी ते किती बरगड्यांच्या फटी व्यापतं यावर अंदाज बांधत. मग पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या जेम्स ब्युकॅनन यांनी योर्ग ब्यूखेलर यांच्यासोबत 1995 मध्ये एक पद्धत मांडली: कुत्र्याचं हृदय त्याच्याच मणक्यांनी मोजा. श्वासनलिका दुभंगते तिथून हृदयाच्या टोकापर्यंत लांबी घ्यायची, तिला काटकोनात सर्वात रुंद जागी रुंदी. दोन्ही मापं छातीच्या चौथ्या मणक्यापासून पाठीच्या कण्यावर ठेवायची, किती मणके भरले ते मोजायचं आणि बेरीज करायची. 100 निरोगी कुत्र्यांत सरासरी आली 9.7. साडेदहाच्या वर गेलं की भुवई उंचवायची. पट्टी पेशंटच्या अंगातच, घरी विसरायची सोय नाही.

मात्र चौथा मणका कोणता, यावर स्क्रीनपुढे आमच्या कुटुंबात एकमत होईना. आमचा मुलगा मागून मोजत आला आणि एक मणका जास्त निघाल्याचं त्याने जाहीर केलं. कुत्र्याला छातीचे 13 मणके असतात, माणसापेक्षा एक जास्त, हे ऐकून आईच्या मनातला गुंड्याबद्दलचा आदर वाढला.

उत्तर आलं 10.6.

"मोठं आहे!" बायको.

"थांबा," मॅडम म्हणाल्या. पोमेरेनियनची सरासरीच साडेदहाच्या आसपास असते. पग त्याहून किंचित वर. बुलडॉगचे मणके मुळातच आखूड नि वेडेवाकडे, त्यामुळे तो धडधाकट असूनही बाराच्या पुढे जातो.

"म्हणजे मोठं नाही?"

"तसंही नाही म्हणता येणार."

शिवाय एक्स-रेत दिसते ती सगळी मिळून एक सावली. आतले कप्पे, झडपा काही दिसत नाहीत आणि हृदयाभोवतीची चरबीही त्याच सावलीत धरली जाते. चरबी हा शब्द आल्यावर आम्ही सगळ्यांनी आईकडे बघितलं. आईने छताकडे बघितलं. रोजच्या तूपपोळीचा विषय तिथेच मिटला.

आता श्वासनलिका. मानेतला भाग श्वास घेताना दबतो, छातीतला सोडताना. आमचा फोटो श्वास घेतलेला, तेव्हा सोडलेलाही एक हवा होता. पुन्हा एप्रन, पुन्हा मोजे, पुन्हा उजवी कूस. सगळे त्याच्या श्वास सोडण्याची वाट बघत उभे राहिलो.

गुंड्याने तो धरून ठेवला.

दुसरा फोटो आला तेव्हा छातीतली नळी थोडी दबलेली दिसली, म्हणजे खोकल्याचा मुख्य संशयित तिकडे सरकला. पण मर्मर होताच, म्हणून इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, सांगितला. तोवर रोज गाढ झोपेतले श्वास मोजायचे, मिनिटाला तिसाच्या वर सतत जायला लागले तर लगेच फोन करायचा. वजन कमी करायचं. हे मॅडम गुंड्याला म्हणाल्या, पण मी एप्रनमध्ये असल्यामुळे टेक्निशियनने माझ्याकडे पाहिलं.

"इकोसाठी छातीच्या दोन्ही बाजूंचे थोडे केस काढावे लागतील," मॅडमनी जाता जाता सांगितलं.

झडप, कप्पे, मणके हे सगळं शांतपणे ऐकून घेतलेली आई ताडकन उभी राहिली. "केस? परत येतील ना पण?"

इतका वेळ दशांशचिन्हापुढचंही अचूक सांगणाऱ्या मॅडम जरा घुटमळल्या. "पोमचं काही सांगता येत नाही हो," त्या म्हणाल्या, "कधीकधी वर्ष लागतं."