काय कामनी शे?

अमळनेरच्या आमच्या दहावीच्या बॅचचा व्हॉट्सअॅप ग्रुप आहे. एरवी तिथे गुड मॉर्निंग, कापसाचा भाव आणि कुणाच्या वडिलांच्या दहाव्याची वेळ एवढंच येतं. जून 2025 मध्ये मात्र ग्रुप पेटला. पहिलीपासून हिंदी नको म्हणून एकजात सगळे मराठीचे मावळे झाले. 29 तारखेला सरकारने हिंदीचे दोन्ही शासन निर्णय मागे घेतले तेव्हा पेढ्यांचे फोटो पडले. त्याच आनंदात एकाने लिहिलं, चला, आता घरात पोरांशी आपली खानदेशची अहिराणी बोलायलाही लागू या. त्यावर पुण्यात फ्लॅट घेतलेल्या एका मित्राचं उत्तर आलं, "अहिराणी काय कामनी शे भो?"

अहिराणी कुठल्या कामाची, हे त्याने अहिराणीतच विचारलं. कुणाच्या लक्षातही आलं नाही. पटापट अंगठे पडले, आणि अंगठे टाकणारे निम्मे लोक आजही आईशी फोनवर अहिराणीतच बोलतात. आठ दिवसांपूर्वी मराठीसाठी छाती पिटणारे हेच. बहिणाबाईंच्या ओळी टाकणारेही हेच. (बहिणाबाईंची बोली लेवा, अहिराणी नव्हे, हे मी दर वेळी सांगतो आणि दर वेळी माझ्याकडे दुर्लक्ष होतं.)

मला राग आला. राग आला की मी अमेरिकेत जिथे असतो त्या डेट्रॉइटचा दाखला देतो. ग्रुपला ते आता पाठ झालंय.

या वेळी दाखला पिस्टन्सचा होता, म्हणजे इथल्या बास्केटबॉल टीमचा. 26 डिसेंबर 2023 ची गोष्ट. साक्रीकडचा माझा एक दोस्त इथे गाड्यांच्या कंपनीत आहे, त्याला ऑफिसातून दोन तिकिटं मिळाली होती. पिस्टन्स तेव्हा ओळीने 26 सामने हरलेले. त्या रात्री ब्रुकलिनकडून हरले असते तर एका हंगामातल्या सलग पराभवांचा एनबीएतला, म्हणजे अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगमधला, विक्रम त्यांच्या नावावर लागणार होता. दोस्त म्हणाला, "फुकट शे, चाल." डिसेंबरातला तो आठवडा म्हणजे जळगावकडे कापसाच्या काड्यांवर बामणोदची हिरवी वांगी भाजण्याचा, मळ्यात भरीत-पुरीच्या पंगतींचा. इथे आम्ही वुडवर्ड रस्त्याच्या पलीकडे गाडी लावून, कानटोप्या ओढून, हरणारी टीम बघायला निघालो.

स्टेडियम रिकामं असेल असं वाटलं होतं. नव्हतं. दोनच दिवसांपूर्वी लायन्सने, इथल्या अमेरिकन फुटबॉल टीमने, तीस वर्षांनी डिव्हिजन जिंकली होती, तेच लायन्स जे 2008 मध्ये सोळाच्या सोळा सामने हरले होते. त्यामुळे अर्धे लोक लायन्सच्या निळ्या टोप्या घालून पिस्टन्सला शिव्या द्यायला आलेले. माझ्या शेजारी एक म्हातारा होता. अंगात पिस्टन्सच्या जुन्या बेन वॉलेसची 3 नंबरची जर्सी, 2004 मध्ये पिस्टन्सनी शेवटचं अजिंक्यपद जिंकलं तेव्हाची असावी. छातीवरची अक्षरं धुवून धुवून तडकलेली. मांडीवर घरून आणलेली घडी घातलेली शाल. दर वर्षी हंगामाचं तिकीट काढतो म्हणाला.

पिस्टन्सच्या केड कनिंगहॅमने त्या रात्री 41 पॉइंट केले. चौथ्या क्वार्टरमध्ये तर असं वाटलं, आज जिंकतात. तेवढ्यात कुणीतरी बॉल हातात धरून इकडेतिकडे बघत राहिला आणि माझा दोस्त उभा राहून बोंबलला, "आरे फेक ना भो, काय देखी ऱ्हायना!" साक्रीच्या बाजारात ओरडावं तसा. पुढच्या दोन रांगांनी मागे वळून पाहिलं. म्हाताऱ्याला फार मजा वाटली. त्याने मला विचारलं, ही कुठली भाषा?

मी म्हणालो, हिंदी.

का म्हणालो, माहीत नाही. मराठी म्हटलं असतं तर मराठी म्हणजे काय हे सांगावं लागलं असतं, आणि अहिराणी म्हटलं असतं तर दोन पायऱ्या जास्त. एवढंच कारण देता येतं, आणि ते मला पटत नाही. दोस्ताने ऐकलं होतं. तो काही बोलला नाही.

118-112. हरलेच. सगळीकडून "टीम विका, टीम विका" सुरू झालं, मालक टॉम गोर्सच्या नावाने. म्हाताराही त्यात होता, पण शेवटची शिट्टी होईपर्यंत उठला मात्र नाही. मग शालीची घडी काखेत मारली आणि आम्हाला म्हणाला, "शनिवारी भेटू."

हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं, हिंदीचं सोडून. लिहिलं की इथे कुणी विचारत नाही, ही टीम काय कामाची. हंगाम संपला तेव्हा 14 विजय, 68 पराभव, पण पुढच्याच वर्षी 44 विजय आणि प्लेऑफ. लिहिलं की इथे तळाच्या टीमला नवीन खेळाडू निवडताना आधी संधी देतात, आपल्याकडे तळाच्या भाषेला कोण देतं? (हेही अर्धंच खरं. त्यात सोडत असते, तळाच्या टीमलाही पहिला नंबर मिळायची शक्यता 14 टक्केच. पिस्टन्स 2023 आणि 2024, दोन्ही वर्षी तळाला राहून पाचव्या नंबरवर घसरले. हे मी ग्रुपला कशाला सांगू?) जनगणनेचे आकडेही दिले. 2001 मध्ये खानदेशी भाषा (अहिराणी त्यातच मोजतात) सांगणारे 20 लाख 75 हजार, 2011 मध्ये 18 लाख 60 हजार. दहा वर्षांत दोन लाखांवर माणसं गेली कुठे?

कुठे गेली ते मला चांगलं माहीत आहे. 1950 मध्ये डेट्रॉइट शहरात साडेअठरा लाख लोक होते, 2020 मध्ये 6 लाख 39 हजार. शहर सोडलेल्यांतले कितीतरी आसपासच्या उपनगरांत राहायला गेले. मी विचारणाऱ्याला डेट्रॉइट सांगतो, पण राहतो नोव्हीत, असल्याच एका उपनगरात. शहराचा टॅक्स भरत नाही, तिथली शाळा नाही, हायवेवरून मॅचपुरता आत जातो आणि बाहेर येतो. अमळनेरचंही तसंच, फक्त तिथे जायला दीड दिवस लागतो. 2024 च्या फेब्रुवारीत अमळनेरला साहित्य संमेलन झालं तेव्हा मी इथून फोटो शेअर केले. माझ्या शाळेजवळचा रस्ता एका फोटोत ओळखता आला नाही.

आणि तो शनिवार. 30 डिसेंबर. सलग 28 पराभवांनंतर पिस्टन्स टोरांटोविरुद्ध जिंकले, 129-127. म्हातारा तिथे असणार. मी कॉस्टकोच्या रांगेत उभा राहून फोनवर स्कोअर बघत होतो. त्यानंतर मी पिस्टन्सच्या मॅचला गेलो तो थेट ते जिंकायला लागल्यावर, पैसे देऊन, मुलीला घेऊन.

ग्रुपवर माझ्या लांबलचक पोस्टवर बराच वेळ कुणी काही लिहिलं नाही. मग त्याच पुण्याच्या मित्राची एक ओळ आली. "तुनी आंडेर बोलस का अहिराणी?"

आंडेर म्हणजे लेक. माझी बारा वर्षांची आहे. रविवारी व्हिडिओ कॉलवर माझी आई विचारते, "कव्हय येशी माय?" आणि ती स्क्रीनकडे बघून हसते, मग माझ्याकडे बघते. मी इंग्रजीत सांगतो. ती इंग्रजीत उत्तर देते. ते मी परत अहिराणीत सांगतो, जरा गोड करून. तिला येणारी अहिराणी म्हणजे त्या रात्रीच्या गोष्टीतलं एकच वाक्य. घरासमोर हुपखाली मैत्रिणीने बॉल धरून ठेवला की ती ओरडते, "फेक ना बो." भो तिला जमत नाही.

मी "बोलस" असं टाइप केलं. मग खोडलं. थोड्या वेळाने कुणीतरी कापसाचा भाव टाकला.