लाख एकर आणि आजीचा सातबारा

सकाळपासून डोकं फिरलंय. भाचा नैरोबीला असतो. तिथे त्याला लॉर्ड डेलामेअरचं, म्हणजे केनियात जाऊन वसलेल्या एका इंग्रज जमीनदाराचं, जुनं चरित्र मिळालं. एल्स्पेथ हक्स्लीबाईंनी 1935 साली लिहिलेलं, दोन जाडजूड खंड. गेल्या महिन्यात आला तेव्हा माझ्यासाठी घेऊन आला. आज फोनवर म्हणतो, "मावशी, वाचलंस का? काय जिद्द गं माणसाची!"

जिद्द म्हणे.

1903 मध्ये या साहेबाला केनियात न्जोरोला ब्रिटिश सरकारने एक लाख एकर जमीन दिली, 99 वर्षांच्या कराराने. लाख एकर! माझ्या आजीची साडेतीन एकर धरणात गेली. जुना सातबारा तिने पत्र्याच्या ट्रंकेत, लुगड्याच्या घडीत ठेवला होता. मला वाचता यायला लागल्यापासून दर सुट्टीत काढून द्यायची, "वाच गं, नाव हाय न्हवं माझं?" मी वाचायचे. जमीन तेव्हा कधीच पाण्याखाली गेलेली.

बरं, मान्य. साहेबाने घाम गाळला. गहू तांबेऱ्याने खाल्ला, विलायती जनावरं मेली, घरचा पैसा ओतला आणि 1931 मध्ये कर्जात मेला. मसाईंवर, म्हणजे तिथल्या गुराखी जमातीवर, जीव होता, त्यांची भाषा बोलायचा, हेही खरं. पण न्जोरोचं गवत जनावरांना मानवत नाही हे त्याच मसाईंना आधीपासून ठाऊक होतं. आधी विचारायचं ना!

त्याआधी सोमालीलँडमध्ये सिंहाने याला धरलं, तेव्हा अब्दुल्ला अशुर हा त्याचा बंदूक वाहणारा नोकर त्या सिंहाला भिडला. साहेब वाचला, जन्मभर लंगडला. अब्दुल्लाचं चरित्र लिहिलंय कुणी?

आणि तो करार! 1904 मध्ये मसाईंचा लायबोन, म्हणजे धर्मगुरू, लेनाना याच्याकडून सरकारने कागदावर खूण करून घेतली: रिफ्ट व्हॅली सोडा, उत्तरेला लायकिपियाला जा, मसाई वंश आहे तोवर ती जमीन तुमची. 'तोवर' म्हणजे किती? सात वर्षं. 1911 मध्ये नवा करार, की आता लायकिपियाही सोडा, दक्षिणेला चला. मसाई 1913 मध्ये कोर्टात गेले. कोर्ट म्हणालं, हा दोन सत्तांमधला तह आहे, इथे चालणार नाही. म्हणजे जमीन घेताना रयत आणि दाद मागताना परदेशी! हे वाचलं आणि मला आजीचा आवाज ऐकू आला. नाव हाय न्हवं माझं?

आपल्या लोकांचंही तेच. तिथली रेल्वे बांधायला हिंदुस्थानी मजूर हवेत, पण डोंगराळ भागातली चांगली जमीन फक्त गोऱ्यांना. त्यासाठी भांडणाऱ्या गोऱ्यांचा म्होरक्या हाच डेलामेअर. 1923 मध्ये लंडनने जाहीर केलं की केनियात आफ्रिकनांचं हित सगळ्यात आधी. जमीन तरीही गोऱ्यांकडेच राहिली. चरित्राचं नावच आहे 'गोऱ्या माणसाचा देश'.

स्वातंत्र्यानंतर नैरोबीतला त्याचा पुतळा हलवला, डेलामेअर अव्हेन्यूचं केन्याटा अव्हेन्यू झालं. भाचा रोज त्याच रस्त्याने ऑफिसला जातो. त्याच्यावर चिडून काय करू? पोरगं गुणी आहे, इतकी जड पुस्तकं मावशीसाठी उचलून आणली. आजी गेली तेव्हा तो जन्मलाही नव्हता. त्याला सातबारा दाखवला कुणी? मीही नाही.

ती ट्रंक बहुतेक धाकट्या मामाकडे आहे. मामेभावंडांनो, वाचत असाल तर कागदाचा फोटो काढून पाठवा. घडीवर फाटलाय, जपून उलगडा.