टाइमआउट काढा म्हणणाऱ्या त्या फॉरवर्डचं काय करायचं

"सेशन एक्स्पायर्डचा कायमचा बंदोबस्त! पाच मुद्दे, सगळ्यांना पाठवा" असा एक मेसेज सध्या व्यापाऱ्यांच्या ग्रुपवर फिरतोय. काही वेळ हालचाल दिसली नाही की अॅप तुम्हाला बाहेर काढतं आणि पुन्हा लॉगिन मागतं, तो टाइमआउट. माझ्याकडे तीनदा आला. दोनदा सोडून दिला, तिसऱ्यांदा तो वहिनींनी पाठवला आणि खाली लिहिलं, "भाऊजी, ह्यातलं दोन नंबरचं मी करून टाकलंय." मग मात्र डोकंच फिरलं.

वहिनी कुपवाड एमआयडीसीत एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात बिल्ट्या, म्हणजे पाठवलेल्या मालाच्या पावत्या, करतात आणि बिल्टीचं ते वेब अॅप मी लिहिलंय, त्यामुळे हे भांडण घरचंच आहे.

मेसेज काय म्हणतो ते आधी सांगतो. एक, ओटीपी आल्यापासून टाइमआउटची गरज उरली नाही. दोन, ब्राउझरमध्ये ऑटो-रिफ्रेशचं एक्स्टेंशन (पान आपोआप पुन्हा लोड करणारा, ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्राम) टाका, पाच मिनिटांवर सेट करा, सेशन कधीच मरणार नाही. तीन, जीमेल बाहेर काढत नाही मग तुमचं अॅप का काढतं? चार, सर्व्हरचा खर्च वाचवायला सॉफ्टवेअरवाले हे करतात. पाच, ब्राउझर बंद केला की लॉगआउट होतंच, तेव्हा घाबरायचं कारण नाही.

दोन नंबरपासूनच घेतो, कारण खरा घोळ तिथे आहे.

वहिनींनी एक्स्टेंशन टाकलं सोमवारी. मंगळवारी फोन, "सेशन जात नाही आता, पण दर पाच मिनिटांनी बिल्टीच कोरी होते." होणारच! मालाच्या ओळी जावास्क्रिप्ट, म्हणजे ब्राउझरमध्ये चालणारा कोड, पानावर तयार करतं, पान रिफ्रेश झालं की ओळी गेल्या. आधी अर्ध्या तासाने जायच्या, आता पाच मिनिटांनी जातात, ह्याला बंदोबस्त म्हणायचं. बरं, एवढंच असतं तर हसून सोडलं असतं. त्या ऑफिसात एक कॉम्प्युटर आणि चार माणसं, काउंटरला दिवसभर ड्रायव्हर उभे, वहिनी जेवायला गेल्या तरी हे एक्स्टेंशन सर्व्हरला सांगत राहतं की बाई जागेवर आहेत, आणि मग त्यांच्या नावाने कुणी भाड्याचा आकडा बदलला तर रेकॉर्डला नाव कुणाचं? वहिनींचं.

आणि ते एक्स्टेंशन टाकताना क्रोम विचारतं, सगळ्या वेबसाइटवरचा तुमचा सगळा डेटा वाचायची आणि बदलायची परवानगी देताय का म्हणून. वहिनींनी दिली. त्याच ब्राउझरमध्ये ऑफिसची बँक उघडते.

मी उगाच भीती घालतोय असं वाटत असेल तर २०२४च्या नाताळात काय झालं ते बघा. सायबरहेवन नावाची कंपनी, धंदाच डेटा सांभाळण्याचा, तिचं स्वतःचं क्रोम एक्स्टेंशन चोरांच्या हाती गेलं. त्यांच्या एका कर्मचाऱ्याला फसवा मेल गेला, त्याच्या परवानगीने २५ डिसेंबरला एक्स्टेंशनचं बिघडवलेलं व्हर्जन स्टोअरवर चढलं आणि वापरणाऱ्यांकडे आपोआप अपडेट झालं. वापरणारे ४ लाखांच्या आसपास. त्यातला कोड कुकीज (तुम्ही लॉगिन आहात हे सांगणारी ब्राउझरमधली चिठ्ठी) आणि चालू असलेली सेशन्स उचलून बाहेर पाठवायचा. सिक्युरिटीवाल्यांची ही गत, तर कुणीतरी फुकट टाकलेल्या रिफ्रेशच्या खेळण्यावर तुम्ही बँक सोपवणार?

इथेच पहिल्या मुद्द्याचंही उत्तर आलं. ओटीपी दारावर विचारतात. एकदा आत आलात की तुमची ओळख म्हणजे ती कुकी, आणि ती ज्याच्या हाती लागली त्याला ना पासवर्ड लागतो ना ओटीपी. सेशन संपणं म्हणजे त्या चोरलेल्या किल्लीचं कुलूप बदलणं. तेच काढून टाका म्हणे.

तिसरा, जीमेल. ते तुमचं एकट्याचं खातं आहे, बहुतेकदा तुमच्याच फोनवर, आणि तिथेही पासवर्ड बदलायला गेलात की गूगल परत ओळख विचारतं. काउंटरवरच्या कॉम्प्युटरशी त्याची तुलना करू नका. पाचवा तर सरळ चूक, क्रोममध्ये "जिथे सोडलं तिथून सुरू करा" चालू असेल तर ब्राउझर बंद करून उघडल्यावर तुम्ही लॉगिनच असता, आत्ता करून बघा.

राहिला चौथा. ह्यात अर्धं खरं आहे, कबूल करायला जिवावर येतंय. खर्चबिर्च नाही, पण कितीतरी अॅपमध्ये टाइमआउटच्या आकड्यामागे कुणी विचारच केलेला नसतो. वेब अॅप ज्यांवर बनतात किंवा चालतात त्यांतल्या पीएचपीत आयता आकडा १४४० सेकंद म्हणजे २४ मिनिटं, टॉमकॅटमध्ये ३० मिनिटं, एएसपी डॉट नेटमध्ये २०, जे आलं ते तसंच ठेवलेलं. माझ्याही अॅपमध्ये ३० तसेच होते. आणि सर्व्हरचं घड्याळ ब्राउझरकडून काही मागणी (रिक्वेस्ट) आली तरच पुन्हा शून्यापासून सुरू होतं. वहिनी ३८ ओळींची बिल्टी टाइप करत बसल्या, मधे दोन फोन घेतले, सर्व्हरच्या लेखी त्या अर्धा तास झोपल्यात. सेव्ह दाबलं की समोर लॉगिनचं पान आणि ३८ ओळी गायब. ह्याला टाइमआउट जबाबदार नाही, टाइप केलेलं फेकून देणारा प्रोग्रामर जबाबदार आहे. म्हणजे मी.

हे कसं करावं ते वेबचे नियम ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसीने कधीच लिहून ठेवलंय, डब्ल्यूसीएजीमध्ये, म्हणजे वेबसाइट सगळ्यांना वापरता याव्यात म्हणूनच्या नियमावलीत. नियम २.२.१ जे मार्ग देतो त्यातला एक असा, की वेळ संपायच्या आधी सांगा, निदान २० सेकंद द्या, आणि एक साधं बटण दाबून निदान दहा वेळा वेळ वाढवता आली पाहिजे, आणि ही सगळ्यात खालची ए पातळी आहे, म्हणजे एवढं तरी कराच. २.२.५ त्याच्या पुढचा, सेशन संपून पुन्हा लॉगिन केलं तरी काम तिथूनच पुढे, डेटा न जाता.

मी रविवारी बसून केलं. सेव्हच्या रिक्वेस्टला सेशन नसेल तर माझा सर्व्हर आधी गुपचूप लॉगिनच्या पानाकडे वळवायचा, मग ब्राउझर डेटाऐवजी ते एचटीएमएल वाचायला जाऊन "अनएक्स्पेक्टेड टोकन" म्हणून आपटायचा. आता सरळ ४०१, म्हणजे "आधी लॉगिन करा" असा सर्व्हरचा कोड, येतो, त्याच पानावर छोटी लॉगिनची चौकट उघडते, पासवर्ड टाकला की तीच बिल्टी सेव्ह होते. अर्धवट बिल्टीचा ड्राफ्ट दर मिनिटाला सर्व्हरवर जातो, ब्राउझरमध्ये ठेवला नाही कारण कॉम्प्युटर चौघांचा, आणि वहिनींच्या जागी दुसऱ्याने लॉगिन केलं तर त्याला तो दिसत नाही. नुसता ड्राफ्ट गेला म्हणून टाइमआउटचं घड्याळ मात्र पुढे सरकत नाही, नाहीतर ते रिफ्रेशचंच सोंग झालं असतं. टाइमआउट ३० वरून १५ मिनिटांवर आणलाय, कुणाला कळलंही नाही.

एक्स्टेंशन काढलं, बँकेचा पासवर्ड बदलून घेतला. वहिनींची तक्रार आहेच, दुसऱ्या टॅबमध्ये ई-वे बिल करत असताना वेळ संपत आल्याची सूचना मागच्या टॅबमध्ये येते आणि दिसत नाही. हे त्यांचं बरोबर आहे, पुढच्या रविवारी बघतो.