गळा कधी दाटून आणावा

दहावीचा निरोप समारंभ जवळ आलाय आणि भाषणाला तुमचं नाव दिलंय. अभिनंदन. म्हणजे तुम्ही अ तुकडीत आहात. ब तुकडीकडे आभारप्रदर्शन असतं, क वाल्यांपैकी ज्याचं अक्षर बरं तो फळ्यावर रंगीत खडूनं 'निरोप समारंभ' लिहितो आणि 'समारंभ' कडेला दाटीवाटीनं बसवतो. ड तुकडीनं हे वाचायची गरज नाही. त्यांचं काम शेवटी येतं.

पहिलं वाक्य ठरलेलं आहे : 'आजचा दिवस कधी उगवूच नये असं वाटत होतं.' ते बदलू नका. इतक्या वर्षांत हे वाक्य म्हणणाऱ्याला 'मग रोज कॅलेंडरवर फुल्या कोण मारत होतं' असं कुणीही विचारलेलं नाही. दुसरं वाक्य, 'शाळा म्हणजे आमचं दुसरं घर.' हेही बिनधास्त म्हणा, हिशोबात थोडी गडबड आहे एवढंच. दुसरं घर क्लास. शाळेचा नंबर तिसरा. नववीच्या मे महिन्यातच क्लासमध्ये तुमचं निम्मं बीजगणित उरकलेलं होतं, आणि जूनमध्ये बाई पहिलं उदाहरण फळ्यावर लिहीत होत्या तेव्हा मागून तीन जणांनी उत्तर सांगून टाकलं होतं. बाई क्षणभर खडू धरून तशाच उभ्या राहिल्या होत्या. ही आठवण भाषणात नको. क्लासचे आभारही नकोत. त्यांचा निरोप निकालानंतर चौकातल्या फ्लेक्सवर, पासपोर्ट फोटो आणि टक्क्यांसकट होतो.

आठवणींमध्ये सहल सगळ्यात सोयीची. सिंहगड घ्या. पिठलं-भाकरी, मडक्यातलं दही, कल्याण दरवाज्यापाशी हरवलेली आणि देवटाक्यापाशी सापडलेली पाण्याची बाटली. येताना खडकवासल्याजवळ बसमध्ये काय झालं आणि कुणाच्या दप्तरात झालं, ते गाळा. मार खाल्ला असेल तर 'तो आमच्या भल्यासाठी होता' म्हणा. भलं नेमकं काय झालं, ते पुढच्या वर्षीचे वक्ते सांगतील.

आता मुख्य मुद्दा, गळा. गळा दाटून आणायचा तो शिक्षकांच्या उल्लेखापाशी, आणि शक्यतो भाषेच्या बाईंकडे बघून. कारण साधं आहे. मराठीच्या 100 गुणांतले 80 कुणीतरी अनोळखी मास्तर तपासणार. उरलेले 20 समोरच्या खुर्चीत हातरुमाल घेऊन बसले आहेत. समारंभ तोंडी परीक्षेच्या आधी ठेवण्यामागे आपल्या पूर्वजांची दूरदृष्टी होती, असं माझं मत आहे. हे 20 गुण किरकोळ समजू नका. 2019 साली बोर्डानं भाषांचे तोंडी गुण काढून टाकले, तर राज्याचा निकाल आदल्या वर्षीच्या 89.41 टक्क्यांवरून थेट 77.10 वर आला. पुढच्या वर्षी ते गुण परत आले आणि निकाल गेला 95.30 वर. (त्या वर्षी करोनामुळे भूगोलाचा पेपरच झाला नाही, त्याचाही हातभार म्हणा.) 2021 ला तर परीक्षाच रद्द, सगळे गुण शाळेच्या हातात, निकाल 99.95 टक्के. तेव्हा शिवाजीनगरला बसलेल्या बोर्डापेक्षा आपल्या बाई आपल्याला जास्त ओळखतात, हे आकड्यांनी सिद्ध झालेलं आहे. आवंढा गिळा.

मुलींनी आईची पैठणी नेसावी आणि ती दर पाच मिनिटांनी सावरत 'आम्ही किती लहान होतो' असं म्हणावं. मुलांनी कुडता घालावा.

शाळेला भेट म्हणून भिंतीवरचं घड्याळ द्या. दुसरं काही सुचलं तरी शेवटी घड्याळच येतं, वर्गणीत तेच बसतं. तबकडीवर बॅचचं वर्ष सोनेरी अक्षरात घालून आणा. मी एकदा दाखला घ्यायला शाळेच्या ऑफिसात गेलो होतो, तेव्हा कपाट उघडं होतं. आत सात घड्याळं एकावर एक ठेवलेली, प्रत्येकावर वेगळी बॅच आणि प्रत्येकात वेगळी वेळ. आमचं खालून तिसरं होतं. भिंतीवरचं मात्र एका बँकेनं फुकट दिलेलं.

मी ड तुकडीतला. नववीचा निकाल लागला की जूनमध्ये नोटीस बोर्डावर याद्या लागायच्या आणि पहिलीपासून एका बाकावर बसलेली पोरं चार खोल्यांत वाटली जायची. माझा बाकावरचा मित्र अ मध्ये गेला. आमची खोली जिन्याखालची, प्रयोगशाळेच्या बाजूला. गॅसचा वास यायचा. वर्षभर आम्ही मधल्या सुट्टीत भेटायचो, मग ते चाचणीपरीक्षेपुरतं थांबलं आणि परत सुरू करायचं राहून गेलं. निरोप समारंभाला त्यानंच भाषण केलं, उत्तम केलं. 'आम्ही सगळे एका बाकावर वाढलो' असंही म्हणाला. मी तेव्हा दाराशी सतरंजीची घडी घालत होतो. टाळ्या वाजवायला हात मोकळे नव्हते.

तेव्हा भाषण संपताना थांबू नका. बाईंच्या पाया पडा, शर्टवर सह्या घ्या, सामोसा खाऊन ग्राउंडवर फोटोला जा. हॉलमध्ये खुर्च्या उचलायला ड तुकडी आहेच. चार-चार खुर्च्या एकात एक घालून ती पोरं शिपाईमामांशी गप्पा मारत असतात. मामा त्यांना नावानं ओळखतात, अगदी पाचवीपासून, कारण वर्गाबाहेर काढलेली मुलं त्यांच्याच स्टुलापाशी उभी असायची. कोण हसतंय, मामांच्या डब्यातली चटणी कुणी संपवली, कुणाची नक्कल चाललीय, ते दारातून ऐकू येईल. तिकडे लक्ष देऊ नका. कार्यक्रम संपलाय, माईक बंद आहे.