‘करडई पेरा आणि विसरा’ या मेसेजला उत्तर

दरवर्षी पोळा झाला की शेतकऱ्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरायला लागतो. यंदा तो मला तीन ठिकाणांहून आला. त्यातला एक आमच्या दाजींकडून, म्हणून उत्तर लिहायला बसलो. मजकूर थोडक्यात असा: ‘करडई पेरा आणि विसरा. काटेरी पीक, ना कीड ना रोग. दिवाळीनंतर पेरली तरी चालते. पाणी असेल तर भरपूर सोडा, उतारा दुप्पट. झाडं वाळायला लागली तर बुरशीनाशक फवारा. मावा आलाच तर धुण्याच्या पावडरीचं पाणी मारा.’

मी बार्शीकडचा. आमच्या घरात करडई वडिलांच्या काळापासून आहे आणि ती रानात टिकावी असं मला मनापासून वाटतं. म्हणूनच या मेसेजचा राग येतो. असल्या सल्ल्यानं ज्याचं एक रान बसतं, तो पुन्हा करडईकडे वळत नाही. आधीच तिचा पेरा किती घटलाय ते आपण बघतोच आहोत.

आधी काट्यांचं. काटा जनावराला अडवतो, काढणीला माणसाचे हात सोलतो. मावा म्हणजे रस शोषणारी बारीक कीड, मोहरीच्या दाण्याएवढी. तो काट्याकाट्यांच्या मधे बसतो आणि सोंड खुपसून रस ओढतो. शिवाय काटे येतात कधी? पहिला महिनाभर करडई जमिनीलगत पसरून बसलेली असते. तेव्हाची पानं इतकी कोवळी की विरळणीत, म्हणजे दाटी कमी करताना, उपटलेल्या रोपांची आपण मूगडाळ घालून भाजी करतो. काटे खरे टणक होतात ते बोंडं धरताना. तोवर मावा येऊन स्थिरावलेला असतो. परदेशात आर्टिचोक नावाची भाजी खातात, ती करडईच्याच कुळातली. कॅलिफोर्नियात कॅस्ट्रोव्हिलच्या भागात तिची मोठी शेती आहे. तिथेही या काटेरी जातीच्या झाडाच्या बोंडात एका पतंगाची अळी शिरते, पाकळ्यांच्या आड मावाही बसतो. काट्यानं कीड थांबत असती तर त्या लोकांना एवढी राखण करावीच लागली नसती.

मावा बघायचा असेल तर रानाच्या मधे जाऊ नका, बांधाकडच्या ओळी बघा. तो आधी कडेला उतरतो. शेंडा हळूच वाकवायचा, वरची चार पानं उलटी करायची. काळे ठिपके हलताना दिसले, बोटाला चिकट लागलं, खोडावरून मुंग्यांची रांग चढताना दिसली की तो आला समजा. त्या चिकट पाण्यावर पुढे काळी बुरशी चढते आणि पान काजळी फासल्यासारखं होतं. एवढं होईपर्यंत लांबून रान हिरवंच दिसतं, म्हणूनच ‘विसरा’ हा शब्द घातक आहे. कडेच्या पट्ट्यात असतानाच तेवढ्याच पट्ट्यावर फवारणी केली तर सगळं रान मारावं लागत नाही. ढालकिडे आणि त्यांच्या अळ्या मावा खात असतील तर दोन दिवस थांबून पुन्हा बघा, फवारा मारून आपलेच राखणदार घालवू नका.

आता दिवाळीनंतरची पेरणी. मेसेजातली सगळ्यात महाग पडणारी गोष्ट हीच. कोरडवाहू करडईची वेळ सप्टेंबरचा दुसरा पंधरवडा ते ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा. या वेळेला पेरलेली करडई डिसेंबरातल्या थंडीत आणि ढगाळ हवेत मावा वाढायला लागतो तोवर बरीच जून झालेली असते. नोव्हेंबरात पेरलेली तेव्हा ऐन कोवळी सापडते. मी हे माझ्या रानात भोगलंय. एका वर्षी सोयाबीन निघायला उशीर झाला आणि अर्धं रान महिनाभर मागे पडलं. बांध एक, बियाणं एक, खत एक. वेळेवर पेरलेल्या अर्ध्यात बोंडं भरली, मागच्या अर्ध्यात शेंडेच काळे पडून वाकले. उलट फार घाई करून पावसातच पेरली तर पानावर तपकिरी वलयांचे ठिपके येतात, तो अल्टरनेरिया नावाचा बुरशीचा रोग. म्हणजे तारीख दोन्हीकडून सांभाळावी लागते.

पाण्याबद्दल अर्धं खरं आहे. एखाद-दुसरं संरक्षित पाणी, म्हणजे पीक तगवण्यापुरतं दिलेलं, करडईला मानवतं: पेरणीनंतर महिनाभरानं एक, फुलोऱ्याच्या सुमाराला दुसरं. पण ‘भरपूर’ नाही, आणि भेगा पडल्यावर तर मुळीच नाही. काळ्या रानात भेगा उघडल्या की सोडलेलं पाणी थेट खोल जाऊन मुळाशी साचतं. करडईची मुळं कोरड सोसतात, साचलेलं पाणी सोसत नाहीत. आठवडाभरात पट्ट्यापट्ट्यानं झाडं माना टाकतात आणि लोक म्हणतात, बियाणं खराब होतं. पाणी द्यायचंच तर भेगा पडायच्या आधी आणि हलकं.

आणि मर, म्हणजे झाडं वाळवणारा रोग. झाडाची एक बाजू पिवळी, दुसरी हिरवी असं दिसलं तर ते झाड उपटा आणि विळ्यानं खोड उभं चिरा. आत तपकिरी रेघ दिसली की ती मर. ही फ्युजारियम बुरशी मातीतून मुळात शिरते, अन्नपाण्याच्या नळ्यांत बसते. वरून पानांवर फवारलेलं औषध तिथे पोचत नाही, पैसे मात्र जातात. मरीचा इलाज पेरणीआधी असतो. किलोभर बियाण्याला ३ ग्रॅम थायरम हे बुरशीनाशक चोळा, किंवा पाकिटावरच्या प्रमाणात ट्रायकोडर्मा ही उपयोगी बुरशी. मर लागलेल्या रानात पुढची काही वर्षं करडई नको, ज्वारी किंवा हरभरा घ्या. त्या रानातलं बी तर अजिबात ठेवू नका, कारण रोग बियाण्यातूनही येतो. थायरम लावलेल्या बियाण्याची रोपं विरळणीत उपटली तर ती भाजीला आणू नका, हेही बजावून सांगतो.

धुण्याच्या पावडरीचं कुठून आलं ते कळतं. ५ टक्के निंबोळी अर्कात थोडा साबण घालतात, पण तो अर्क पानाला चिकटावा म्हणून. त्यातला अर्क गेला आणि साबणाची जागा पावडरीनं घेतली. पावडरीनं कोवळा शेंडा करपतो आणि पानाखालचा मावा राहतोच. ५ किलो निंबोळीची भरड रात्रभर पाण्यात भिजवून, गाळून, १०० लिटरचं द्रावण करायला एका संध्याकाळचं काम आहे. मावा फारच वाढला तर कृषी विज्ञान केंद्रात विचारून, डब्यावर करडईचं नाव आहे का ते वाचूनच औषध घ्या. फुलोऱ्यात मधमाश्या असतात, तेव्हा फवारणी टाळा. अगदीच गरज पडली तर दिवस मावळताना मारा.

दाजी, तुमची पेरणी अजून व्हायची आहे. बियाणं घरचंच वापरणार असाल तर ते गेल्या साली ओढ्याकडची झाडं वाळली होती त्या पट्टीतलं आहे का, एवढं आधी बघा. असेल तर मला फोन करा, माझ्याकडचं घेऊन जा.